हिरवा आधी की नारिंगी?

रेघवाल्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पट्टी न लावता, श्वास रोखून, वीस फूट सरळ रेघ ओढणारा माणूस म्हणून सगळे त्यांना रेघवालेच म्हणत. साठी गाठेपर्यंत त्यांनी निम्म्या शहराच्या पाट्या रंगवल्या होत्या. पुढे पाट्या यंत्रावर छापून मिळायला लागल्या आणि त्यांचे ब्रश डब्यात उभे राहून राहून ताठले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा पाच महिन्यांपूर्वी आयर्लंडला गेला होता, बंदरातल्या क्रेन दुरुस्त करायच्या कामावर. घरात उरले ते आणि त्यांची सून. सून चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असायची, संध्याकाळी सहाला घरी यायची. तोवर रेघवाले खिडकीत बसून समोरच्या सलूनच्या पाटीवरच्या अक्षरांना नावं ठेवत.

अशात एक दिवस शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं. मैदानाच्या कडेला लांबलचक भिंत होती, नुकतीच पांढरी केलेली.

"या भिंतीवर मला जगातले सगळे झेंडे हवेत," बाई म्हणाल्या. "खाली देशाचं नाव. मुलांनी येता-जाता बघावेत."

"सगळे म्हणजे किती?"

"सगळे म्हणजे सगळे."

"अहो बाई, पण आकडा सांगा ना. त्यावर चौकटी आखायच्या."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "असतील दोनशेच्या आसपास. नेटवर बघा. तिथे सगळं असतं."

रेघवाले खुशीतच घरी आले. किती दिवसांनी भिंत मिळाली होती! त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले आणि सून दारात पाऊल टाकते न टाकते तोच तिला गाठलं.

"जगात देश किती गं?"

"अं?" तिच्या खांद्यावरची पर्स अजून उतरली नव्हती.

"देश. किती आहेत? फोनमध्ये बघ बरं."

तिने चप्पल काढता काढता बघितलं. "एकशे त्र्याण्णव."

रेघवाल्यांनी कागद घेतला आणि भागाकार मांडला. दोनने जाईना, तीनने जाईना, सातने, अकराने, तेराने, काही केल्या जाईना. अर्धा तास ते त्या आकड्याशी झटत होते. "असला कसला आकडा काढलाय यांनी? याच्या रांगाच पडत नाहीत. नीट बघ."

सुनेने दुसरीकडे बघितलं. "इथे एकशे पंच्याण्णव लिहिलंय."

"म्हणजे मघापासून दोन वाढले?"

"वाढले नाहीत हो. हे लोक आणखी दोन धरतात, ते धरत नाहीत." मग ती जरा थांबली. "आणि इथे तर दोनशे एकोणपन्नास आहेत."

"दोनशे एकोणपन्नास!"

"यात बेटंबिटंही आहेत, बाबा. ज्यांचा कारभार दुसऱ्याच देशाकडे आहे, ती पण."

"पण झेंडा आहे त्यांना?"

"काहींना आहे. काहींना नाही."

रेघवाले कपाळाला हात लावून बसले. त्यांना वाटायचं, देश म्हणजे कसा, डोंगरासारखा, मोजला की मोजला. इथे तर ज्याला विचारावं त्याचं गणित वेगळं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही आकडे बाईंच्या पुढ्यात ठेवले. बाईही घोळात पडल्या. भूगोलाच्या पुस्तकात बघितलं तर चौथाच आकडा निघाला, कारण पुस्तक जुनं होतं.

"एकशे पंच्याण्णवच्या रांगा पडतात का?" बाईंनी शेवटी विचारलं.

"पडतात. पंधराच्या तेरा."

"मग तेवढेच देश आहेत," बाई म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

असा जगातल्या देशांचा आकडा ठरला. रेघवाल्यांनी दोन दिवसांत चौकटी आखल्या. यादी सुनेने केली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, दोन ठिकाणच्या याद्या एकत्र करून, म्हणजे काही सुटायला नको. ती यादी भरली एकशे अठ्ठ्याण्णवची. तीन देश जास्त. "करा तर सुरू, पुढे बघू," असं दोघांनीही ठरवलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

रोजचा क्रम असा बसला. संध्याकाळी सून दुसऱ्या दिवसाचे दोन-तीन झेंडे फोनवर काढून त्यांना दाखवायची, रेघवाले वहीत पेन्सिलीने पट्टे आखून रंग लिहून घ्यायचे, आणि सकाळी शिडी लावून भिंतीवर उतरवायचे. पण सोपं काहीच नव्हतं. एका देशाचा झेंडा एका ठिकाणी साधा निळा, दुसऱ्या ठिकाणी वर-खाली लाल पट्टे असलेला.

"कुठला खरा?"

"दोन्ही. लाल पट्टे नंतर आले."

"मग जुना ठेवलाय कशाला? पाटी बदलली की आम्ही जुनी उतरवत नाही का?"

चाडचा निळा-पिवळा-लाल रंगवून झाला तेव्हा सून म्हणाली, पुढे रोमेनियाचाही असाच येणार आहे. इंडोनेशियाचा लाल-पांढरा काढला, तर मोनाकोचाही तोच, आणि पोलंडचा तोच पण डोक्यावर उभा. रेघवाल्यांना रात्रीच्या जेवणातही पट्टे दिसायला लागले. तिसऱ्या रांगेत एका नावात 'ओ' या अक्षराच्या डोक्यावर घराच्या छपरासारखी टोपी होती. चाळीस वर्षं अक्षरं काढली, पण अशी टोपी त्यांनी कधी काढली नव्हती.

"ही छापायची चूक तर नव्हे?"

"नाही हो. त्या देशाचं नावच तसं लिहितात. कोत दिव्वार."

"टोपी तर टोपी," म्हणत त्यांनी ती अशी झोकात काढली, की बाईंनी खास थांबून कौतुक केलं. त्याच्या वरचा झेंडा सोपा होता, तीन उभे पट्टे. त्याच्याकडे त्यांनी फार लक्ष दिलं नाही.

भिंतीवर चढण्याआधी रोज सकाळी ते एक गोष्ट न चुकता करत. सुनेने त्यांच्या फोनवर आयर्लंडच्या राजधानीतलं हवामान लावून दिलं होतं. चार डिग्री, पाऊस. तीन डिग्री, ढग. मग ते मुलाला आवाजी निरोप पाठवत. "आज वारा आहे तिकडे. मोजे घाल. कान झाक." मुलगा उत्तर द्यायचा, "हो बाबा." एवढंच. पण सलूनमध्ये दाढीला बसल्यावर रेघवाले त्या चार डिग्रींचं असं काही वर्णन करत, की सलूनवाल्याच्या अंगावर काटा यायचा.

सहाव्या रांगेत आयर्लंड आलं. आपल्या मुलाचा देश! त्यासाठी रेघवाल्यांनी नवा ब्रश काढला. हिरवा, पांढरा, नारिंगी. सुनेने फोनवर दाखवला तसाच, डावीकडून हिरवा. कडा इतक्या स्वच्छ आल्या की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याचा फोटो त्यांनी मुलाला पाठवला.

रविवारी मुलाचा फोटो आला. दर रविवारी यायचाच, पण एरवी खोलीतला असायचा, पाठीमागे नुसती भिंत. हा कामावरचा होता. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, मागे मोठं कार्यालय, त्याच्या दारावर दोरीला ताणून बांधलेला झेंडा. आणि त्या झेंड्याचे पट्टे असे: नारिंगी, पांढरा, हिरवा.

रेघवाल्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. आपण उलटा रंगवला! जन्मात उलटी पाटी रंगवली नाही, आणि नेमका पोराचा देश उलटा! सून तेव्हा मैत्रिणीकडे गेली होती. तिला विचारायची गरजही त्यांना वाटली नाही. नेटवरची माणसं कुठल्या गावात बसून लिहितात कोण जाणे, त्यांना देशांचा साधा आकडा ठरवता येत नाही. पोरगा तर तिथे झेंड्याखाली उभा आहे. मग खरं कुणाचं मानायचं?

सोमवारी सकाळी त्यांनी हिरव्यावर पांढरा हात मारला, वाळू दिला, आणि आयर्लंड उलटवून टाकलं. संध्याकाळी जेवताना सुनेला म्हणाले, "तुझ्या नेटवर आयर्लंड उलटं दिलंय. मी दुरुस्त केलं."

सुनेचा घास हातातच राहिला. "कशावरून?"

"पोराने फोटो पाठवलाय ना. मागे झेंडाच आहे."

"दाखवा." तिने फोटो बघितला. जरा जास्तच वेळ बघितला. मग "हं" म्हणाली आणि पाणी आणायला उठली. तांब्या तर ताटाशेजारीच भरलेला होता.

मंगळवारी आयर्लंडनंतरचे दोन देश झाले आणि यादीत पुढचं नाव आलं, आयव्हरी कोस्ट. रेघवाल्यांनी वही उघडली. आदल्या आठवड्यात त्यांनीच लिहून घेतलं होतं: नारिंगी, पांढरा, हिरवा. त्यांनी डावीकडे बघितलं. दोन घरं सोडून आयर्लंड, नारिंगी, पांढरा, हिरवा. शिडीवर उभ्या उभ्या त्यांनी वही पुन्हा वाचली. तरी त्यांनी निमूटपणे तो रंगवला. असतील दोघांचे सारखे, चाड आणि रोमेनियाचे नाहीत का?

दुपारी बाई आल्या. लांब उभ्या राहून भिंत बघत होत्या. "रेघवाले, हे काय? हा एकच झेंडा तीन ठिकाणी आहे."

"दोन ठिकाणी, बाई."

"तीन. तो बघा वर, तिसऱ्या रांगेत. टोपीवाल्या नावाचा."

रेघवाल्यांनी वर बघितलं. खरंच की! नारिंगी, पांढरा, हिरवा, आणि खाली त्यांनीच झोकात काढलेली टोपी. जगात देश किती हे माहीत नसलेल्या माणसाला आता कुठला देश कुठला हेही कळेनासं झालं होतं. "बघतो," म्हणाले आणि रंगाचे डबे झाकून, हातही न धुता, थेट चष्म्याच्या दुकानात गेले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सून काउंटरमागे काचा पुसत होती. सासऱ्यांना असं भर दुपारी, हाताला नारिंगी रंग लागलेला, दारात बघून ती चपापली.

"काय झालं, बाबा?"

"तो फोटो मोठा कर. आरशात उलटं दिसतं तसा फोटो उलटा येतो का?"

"येतो कधीकधी. स्वतःच स्वतःचा काढला तर."

"मग झेंडा उलटा असेल. फोटो उलटा, म्हणून झेंडा उलटा. म्हणजे मी पहिल्यांदा काढला तोच बरोबर." बोलता बोलता त्यांच्या जिवात जीव आला.

सून काचा पुसत राहिली. रेघवाल्यांनी काउंटरवरचं भिंग उचललं आणि फोनवर धरलं. कार्यालयाच्या दारावर पाटी होती. पाटी दिसली की ती वाचल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही, मग भाषा कुठलीही असो. ते एकेक अक्षर निरखायला लागले. अक्षरं उलटी नव्हती. सगळी सरळ होती. म्हणजे फोटो सरळ, झेंडाही सरळ. आणि पाटीच्या शेवटच्या ओळीत, 'ओ'च्या डोक्यावर, ती टोपी होती.

"ही टोपी," ते म्हणाले, "मी काढलीय."

सुनेने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आयर्लंडात कशी ही टोपी? ती तर त्या, काय त्याचं नाव, कोत दिव्वारची." ते पुन्हा भिंगातून बघायला लागले. "आणि हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभा आहे. मानेवर घाम आहे त्याच्या. तीन डिग्रीत घाम कसा येईल?" त्यांनी वर बघितलं. सुनेचे डोळे भरून आले होते. "तुला ठाऊक आहे."

"त्यांनाच विचारा ना, बाबा," ती हळूच म्हणाली. "तिकडे आता सकाळ आहे, त्यांची न्याहारीची सुट्टी असेल."

तिनेच फोन लावून दिला. मुलगा एका झाडाखाली बसला होता, मांडीवर डबा. वडलांचा चेहरा बघून हसला, आणि मग त्यांच्या खांद्यामागे चष्म्यांची कपाटं आणि बायकोचा चेहरा दिसल्यावर त्याचं हसू विरलं.

"तू कुठे आहेस?" रेघवाल्यांनी विचारलं.

"कामावर, बाबा."

"काम कुठे आहे?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. "आयव्हरी कोस्टमध्ये."

"ते आणि कोत दिव्वार एकच का?"

मुलाला वाटलं होतं बाबा चिडतील, ओरडतील. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "हो. एकच. दोन नावं आहेत."

"मग आयर्लंड?"

"तिथली जागा भरली म्हणाले. आदल्या दिवशी कळवलं. त्याच कंपनीचं इकडच्या बंदरात काम होतं, येणार का विचारलं. मी हो म्हणालो. काम तेच आहे, बाबा. माणसं चांगली आहेत. मला इथे काही त्रास नाही."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही सगळ्या गल्लीत सांगून आला होता. सलूनवाल्याने त्याच्या भावाचा लोकरी कोट आणून दिला. निरोप द्यायला किती माणसं आली होती! म्हटलं, उतरल्यावर सांगू. मग म्हटलं, जरा बस्तान बसल्यावर सांगू. आणि मग तुम्ही रोज हवामान सांगायला लागलात."

पाच महिने रेघवाले भलत्याच गावचा पाऊस बघत होते. पाच महिने त्यांनी उकाड्यात काम करणाऱ्या पोराला कान झाकायला सांगितलं होतं आणि पोरगा "हो बाबा" म्हणत होता.

"हसत असशील तू," ते म्हणाले.

"नाही हो, बाबा. सकाळी कामावर निघताना तुमचा आवाज ऐकायला बरं वाटायचं. काय सांगताय त्याला काही महत्त्व नव्हतं."

फोन ठेवल्यावर ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून राहिले. राग यायला हवा होता, पण नेमका कशाचा करावा ते ठरेना. मुलगा खोटं बोलला म्हणून? सुनेने लपवलं म्हणून? की आपण आयर्लंडचा असा डंका पिटला की पोराला तोंडच उघडता आलं नाही म्हणून? मनात नुसता गुंता झाला होता, टोक सापडत नव्हतं. समोरच्या आरशांत त्यांचा चेहरा सहा ठिकाणी दिसत होता आणि प्रत्येक ठिकाणी तो तितकाच गोंधळलेला होता.

"मी तुम्हाला सांगणार होते," सून म्हणाली. "झेंडा बघितलात तेव्हाच सांगणार होते. धीर झाला नाही. आणि अजून एक आहे, बाबा."

"अजून एक?"

"ते मला तिकडे बोलावतायत. दोन महिन्यांपासून. घर मिळतंय कंपनीकडून. मला जायचं असलं तर तुम्हाला सांगावं लागणार, आणि सांगायचं तर देशाचं नाव सांगावं लागणार. म्हणून कागद तसेच पडून आहेत."

रेघवाल्यांना एकदम वाटलं की म्हणावं, नको जाऊस. लगेच दुसऱ्या क्षणी वाटलं, म्हणावं, उद्याच जा. ते उठले. "आयर्लंड पुन्हा उलटं करायचंय," म्हणाले आणि बाहेर पडले.

त्या संध्याकाळी ते सुनेशी बोलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी वही घेऊन तिच्यासमोर बसले. "त्या देशाची माहिती काढ. सगळी."

तिने काढली. लोकसंख्या, भाषा, कोको, नद्या. रेघवाले लक्ष देऊन ऐकत होते. "राजधानी कुठली?"

"यामुसुक्रो."

"पोरगा तिथे आहे?"

"नाही. ते अबिजानला आहेत. मोठं शहर तेच, बंदर तिथेच, सरकारी कचेऱ्याही बऱ्याचशा तिथेच."

"मग राजधानी तीच ना?"

"नाही. कागदावर ती दुसरी."

"या जगात एक म्हणून गोष्ट धड नाही," रेघवाले म्हणाले, पण या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. मग वही मिटून, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "अबिजानला चष्म्याची दुकानं असतील ना?"

सुनेला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने मान खाली घातली आणि नुसतीच "असतील" म्हणाली.

आयर्लंड पुन्हा सरळ झालं. आयव्हरी कोस्ट पुसून तिथे जमैका आला. दोघांनी मिळून सगळी यादी तपासली, तेव्हा आणखी दोन देश दोन-दोन नावांनी दडलेले सापडले, एस्वातिनी आणि स्वाझीलँड, टर्की आणि तुर्किये. तेही काढल्यावर यादी बरोबर एकशे पंच्याण्णववर आली. बाईंना याचं फार समाधान वाटलं. रेघवाल्यांना नाही वाटलं. त्यांना वाटलं, कुठे तरी अजून काही तरी चुकलेलं असणार, फक्त आपल्याला दिसत नाहीये.

सलूनमध्ये सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. दाढीला साबण लावून झाल्यावर, तोंड नीटसं उघडता येत नव्हतं तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं. "पोरगा आयर्लंडला नाहीये. आफ्रिकेत आहे."

वस्तरा थांबला. "म्हणजे बदली झाली?"

"नाही. पहिल्यापासूनच."

सलूनवाला विचार करत राहिला. "मग तुम्ही ते चार डिग्री, पाच डिग्री सांगायचात ते?"

"ते खरं होतं," रेघवाले साबणातून म्हणाले. "पण तिथलं."

सलूनवाल्याला काही उमगलं नाही, पण त्याने आणखी विचारलंही नाही. हनुवटीखालून सफाईने वस्तरा फिरवत एवढंच म्हणाला, "कोट परत मागवू नका. असू दे त्याच्याकडे."

सुनेचे कागद व्हायला सात आठवडे लागले. तोवर भिंतीच्या बारा रांगा भरल्या. ती निघाली त्या दिवशी रेघवाले सोडायला गेले, बॅगेवर त्यांनी स्वतः ब्रशने नाव घातलं होतं, इतक्या मोठ्या अक्षरांत की तिला लाज वाटली. जाताना तिने त्यांच्या फोनवर काय कुठे दाबायचं ते तीनदा समजावलं. "झेंडे शोधताना नाव नीट लिहा. मग पहिलं दिसेल ते लगेच खरं धरू नका. दोन-तीन ठिकाणी बघा."

"आणि तिन्ही ठिकाणी वेगळं असलं तर?"

"मग मला फोन करा."

शेवटची रांग त्यांनी एकट्याने केली. एका बोटाने एकेक अक्षर टाइप करायचं, चुकलं की पुसायचं, पुन्हा लिहायचं. एक झेंडा शोधायला दीड तास लागायचा. कधी झेंड्याऐवजी भलतीच जाहिरात उघडायची आणि ती बंद कशी करायची ते कळायचं नाही, मग ते फोनच बंद करून पुन्हा चालू करत. पण करत राहिले.

एकशे पंच्याण्णवावं घर झिंबाब्वेचं होतं. पट्टे झाले, पांढरा त्रिकोण झाला, लाल तारा झाला. त्यावर एक पिवळा पक्षी होता. शिडीवरूनच त्यांनी सुनेला फोन लावला. तिने उचलला तेव्हा मागे कुणीतरी भांडी लावत होतं, बहुतेक मुलगाच.

"ऐक गं. तो पक्षी कुठल्या बाजूला बघतोय? एका चित्रात चोच स्पष्ट दिसत नाही."

"बाबा," ती म्हणाली, "फोन तुमच्याच हातात आहे. मोठं करून बघा की."

"तू बघून सांग ना."

"दोन बोटं ठेवा आणि लांब न्या. मी थांबते."

त्यांनी ब्रश दातांत धरला, शिडीला कोपर टेकवलं आणि दोन बोटं काचेवर ठेवली. चित्र मोठं झालं, मग एकदम इतकं मोठं झालं की नुसता पिवळा रंगच दिसायला लागला.

"दिसलं?" तिने विचारलं.

"थांब," रेघवाले दातांतल्या दातांत म्हणाले. "आत्ता कुठे गेला तो, शोधतोय."